दुसऱ्या दिवशी चाललो हे खरं, पण पोचायला वर्ष लागलं

प्रति,
मा. संपादक,
‘वाचकांची पत्रे’

महोदय,

गेल्या रविवारी सोलापूरच्या पानावर अर्धं पान भरून एक जाहिरात होती. पांढरे बूट घातलेले आजोबा जिना चढताहेत, मागून नातू टाळ्या वाजवतोय, आणि वर लाल अक्षरांत: ‘गुडघेदुखीला कायमचा रामराम! दुसऱ्याच दिवशी चालायला लागा!’ जाहिरात खोटी आहे असं मी म्हणणार नाही. गुडघा बदलल्यावर मी स्वतः दुसऱ्या दिवशी चाललो. वॉकर धरून पलंगापासून खोलीच्या दारापर्यंत ११ पावलं आणि परत ११. मोजली, कारण मोजायची सवय आहे; ३१ वर्षं एसटीत वाहक होतो. मला लिहायचंय ते त्यापुढच्या ३६४ दिवसांबद्दल. जाहिरातीत त्यांना जागा मिळाली नाही हे समजू शकतो, जागेचे पैसे पडतात. पण ते दिवस मला दवाखान्यातही कुणी उलगडून सांगितले नाहीत.

स्टँडवरच्या फलकावर गाडी सुटायची वेळ लिहिलेली असते, पोचायची नसते. म्हणून लोक दारात येऊन विचारायचे, ‘मास्तर, पुण्याला कधी लागंल?’ मग आम्ही सांगायचो, टेंभुर्णीला इतके वाजतील, इंदापूरला चहाला थांबणार, हडपसरच्या पुढं मात्र माझ्या हातात काही नाही. एवढं ऐकलं की माणूस निवांत बसतो. उशीर झाला तरी कटकट करत नाही, कारण आपण कुठं आहोत हे त्याला कळत असतं. माझ्या गुडघ्याला असा मास्तर भेटला नाही. ते काम आता मी करतोय, आणि ते तुमच्या वाचकांच्या उपयोगी पडेल असं वाटतं.

माझं वय ६७. उजवा गुडघा मागच्या वर्षी ३ फेब्रुवारीला बदलला, सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा संपून पाल उठले त्यानंतर. गुडघा का झिजला, तर डॉक्टर म्हणाले वय, वजन आणि बाहेर वाकलेले पाय. मी म्हणतो सोलापूर-बार्शी रस्ता. तो वाद राहू द्या. शस्त्रक्रियेला कंबरेतून इंजेक्शन देतात, माणूस जागा असतो. दुखत काहीच नाही, पण पडद्यापलीकडून सुतारकाम चालल्यासारखे आवाज येत राहतात, करवत आणि हातोडा. आमच्या मावसभावानं हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही.

आपल्याकडे सगळे म्हणतात ‘वाटी बदलली’. मीही म्हणायचो. डॉक्टरांनी प्लॅस्टिकचा गुडघा हातात देऊन दाखवलं तेव्हा कळलं, वाटी माझी माझ्याकडेच आहे. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक काही मिलिमीटर तासतात, त्यावर धातूची टोपी आणि पत्रा बसवतात आणि मध्ये एक कडक प्लॅस्टिकची चकती. म्हणजे जुन्या गाडीचे बुश बदलल्यासारखं. झिजलेलं हाड तिथं राहत नाही, त्यामुळे हाडावर हाड घासून होणारं दुखणं त्याच दिवशी जातं, हेही खरं. त्याच्या जागी दुसरं दुखणं येतं ते कापलेल्या कातडीचं, ओढल्या गेलेल्या स्नायूंचं, सुजेचं. हे दुखणं वेगळं असतं आणि ते कमी होत जाणारं असतं, हे एक वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या दोन महिन्यांच्या झोपा वाचल्या असत्या.

पाचव्या दिवशी घरी सोडलं. हातात फाइल दिली. त्यात बिलं ११ पानं आणि पुढं काय करायचं ते अर्धं पान, इंग्रजीत. एस.एल.आर., आर.ओ.एम., डब्ल्यू.बी.ए.टी. अशी अक्षरं. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्याला फोनवरून फोटो पाठवला. तो म्हणाला, बाबा, मलाही कळत नाहीये. नंतर कळलं, एस.एल.आर. म्हणजे पाय सरळ ठेवून उचलणे. आर.ओ.एम. म्हणजे गुडघा किती वाकतो आणि किती सरळ होतो ते. शेवटचं म्हणजे सोसेल तेवढं वजन पायावर टाका. एवढं मराठीत लिहायला कुणाच्या खिशातून काय जाणार होतं?

आता उशीचं सांगतो, कारण ही चूक घराघरांत होते. घरी आल्यावर सौ.ने प्रेमानं गुडघ्याखाली मऊ उशी दिली. काय आराम वाटला! पाय किंचित वाकलेला राहिला की दुखायचं थांबतं. मी १० दिवस रात्रंदिवस त्या उशीवर पाय टाकून पडलो. टाके काढायला १४ व्या दिवशी गेलो तर पाय सरळच होईना. पलंगावर पाय पसरला की गुडघ्याखालून हात आरपार जायचा. फिजिओथेरपीची मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची, उशी बघून म्हणाली, “काका, ही उशी आधी माळ्यावर टाका.” गुडघ्याखाली उशी दिली की मागच्या शिरा आखडतात आणि पाय वाकडाच राहतो, उशी द्यायची तर टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्याच वजनानं खाली बसतो. टाचेखाली उशी घेऊन झोपणं म्हणजे शिक्षा आहे. पण तीन आठवड्यांत खालून हात जायचा बंद झाला. सौ.ला अजून वाईट वाटतं त्या उशीचं. तिला मी म्हटलं, तुझं काही चुकलं नाही, फाइलच्या अर्ध्या पानात उशी हा शब्दच नव्हता.

पाय सरळ करणं जमलं, पण वाकवण्याची लढाई त्याहून मोठी होती. फिजिओच्या मुलीकडे दोन पट्ट्यांचा प्लॅस्टिकचा कोनमापक होता. मी पलंगाच्या काठावर पाय सोडून बसायचो, ती एक पट्टी मांडीला, दुसरी नडगीला लावायची आणि खाली वाकून आकडा वाचायची. पहिल्या घरच्या भेटीत ७२. खुर्चीतून हाताचा आधार न घेता नीट उठायचं तर ९० च्या पुढं लागतं. डाव्या पायाचा घोटा उजव्यावर ठेवायचा आणि मागं रेटायचं, दहा मोजेपर्यंत धरायचं. पहिल्या तीनला घाम, सहाला डोळ्यांत पाणी, आणि आठच्या पुढं मी आकडे जरा भरभर म्हणायचो. हे रोज तीन वेळा, दर वेळी २० असं सांगितलेलं होतं. मी सकाळी एकदा करायचो आणि ती आली की ‘तीनदा केलं’ म्हणून सांगायचो. सहाव्या भेटीला तिनं कोनमापक लावला, आकडा ७६. चार अंश. ती हसली आणि म्हणाली, “काका, वेबिलावर लिहिलेली तिकिटं आणि गाडीतली माणसं जुळत नाहीत.” नोकरीत लाइन चेकिंगवाल्यांनी मला एकदाही पकडलं नव्हतं हो. त्या पोरीनं पकडलं.

त्यानंतर मी दुसरी चूक केली, ती जास्त महागात पडली असती. मुलाच्या कंपनीच्या विम्यातून शस्त्रक्रियेचं बिल निघालं, पण घरी येणाऱ्या फिजिओचे पैसे त्यात बसत नाहीत असं कळवलं. एका भेटीचे ४०० रुपये. पेन्शनीत हिशेब करून मी सहा भेटींनंतर बंद केलं. घरीच करू म्हटलं. सहाव्या आठवड्याला तपासणीला गेलो तेव्हा गुडघा ७८ वर अडकलेला. डॉक्टरांनी पहिल्यांदा आवाज चढवला. म्हणाले, आतले व्रण घट्ट व्हायला लागलेत, अजून काही आठवडे असंच राहिलं तर पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवून सोडवावा लागेल. त्याच संध्याकाळी मी त्या मुलीला फोन लावला. पुढं २० भेटी झाल्या. आधीच्या धरून २६, म्हणजे १०,४०० रुपये. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ११२ वर आलो आणि ते पैसे वसूल झाले.

या पैशाबद्दल थोडं बोलतो, कारण इथं मला सगळ्यात राग येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा आणली. कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा सांधा ५४,७२० रुपये, अधिक कर. त्याआधी त्याच सांध्याची सरासरी छापील किंमत दीड लाखाच्या वर होती. फार चांगलं काम झालं, माझ्यासारख्या कितीतरी जणांना त्यामुळे हिंमत झाली. पण धातूचा तुकडा स्वस्त केला आणि तो चालवायला शिकवणारा माणूस कुठल्याच हिशेबात धरला नाही. आमच्या ओळखीत या एका वर्षात चार जणांचे गुडघे झाले. चौघांनाही विम्यानं सांधा दिला आणि फिजिओ स्वतःच्या खिशातून. त्यातल्या एका रिक्षावाल्या मित्रानं पहिल्याच आठवड्यात बंद केला. आज त्याचा गुडघा ८५ च्या पुढं जात नाही आणि तो सगळ्यांना सांगत फिरतो की ऑपरेशन फसलं. ऑपरेशन उत्तम झालंय त्याचं, मी एक्स-रे पाहिलाय. मला एक्स-रेतलं काय कळतं म्हणा, पण डॉक्टरांनी दोघांसमोर सांगितलं.

उन्हाळ्याचं वेगळं लिहायला हवं. ज्यांनी पुण्या-मुंबईत ऑपरेशन करून घेतलं त्यांना हे कळायचं नाही. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून मांडीपर्यंत घट्ट पांढरा मोजा देतात आणि सुरुवातीचे काही आठवडे रक्त पातळ ठेवायची गोळी. मोजा घालायला दोन माणसं लागतात. फेब्रुवारीत ठीक होतं. मार्च अर्धा सरला आणि सोलापूरचं ऊन सुरू झालं. दुपारी दोन वाजता पत्र्याची खोली, वर पंखा गरम हवा फेकतोय, आणि मी एका पायात हिवाळा घालून बसलोय! सूज उतरवायला बर्फ. शेजारच्या दुकानातून बर्फाचा तुकडा आणायचा, फोडायचा, सोलापुरी टॉवेलात बांधून गुडघ्यावर १५-२० मिनिटं धरायचा. कातडीला थेट लावायचा नाही, भाजल्यासारखं होतं. आपला टॉवेल यासाठी एक नंबर, पाणी बरोबर धरतो. आयुष्यभर पाहुण्यांना भेट दिलेल्या वस्तूचा उपयोग स्वतःला असा झाला.

सूज संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते, हातानं चाचपलं तर गुडघा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतो. सहाव्या आठवड्यात माझी खात्रीच पटली की आत पू झालाय. दिवसभर बरं असायचं आणि रात्री दोनला जाग यायची. ना या कुशीवर, ना त्या. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि कधी येईल याचा नेम नाही. त्या दोन महिन्यांत गल्लीत पाणी आल्याची वर्दी मीच सगळ्यांना देत होतो. त्यात भेटायला येणारे. कुणाचा साडू म्हणे पंधराव्या दिवशी स्कूटर चालवत होता. कुणाची काकू महिन्यात तुळजापूरला जाऊन आली. माणसं चांगल्या मनानं बोलतात, पण ऐकणाऱ्याला वाटतं आपणच कुठंतरी कमी पडतोय. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं ते आधीच सांगायला हवं होतं: सूज आणि ऊब तीन ते सहा महिने राहू शकते, थोडीफार वर्षभरही, रात्रीचं दुखणं दोन-तीन महिन्यांत मागं पडतं, आणि पोटरी एकदम सुजली-दुखली, दम लागला, छातीत दुखलं, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर मात्र वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठायचा. मला यातलं काही नव्हतं. नुसता सहावा आठवडा होता.

आणखी दोन गोष्टींनी मला उगाच घाबरवलं. एक म्हणजे व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधीर. तिथं बोट लावलं तर दुसऱ्याच्या पायाला लावल्यासारखं वाटतं. काप घेताना तिथल्या बारीक नसा तुटतात म्हणून असं होतं; माझा बधीर भाग वर्षात तळहाताएवढा होता तो रुपयाएवढा झाला, पण गेला नाही. दुसरी गोष्ट टकटक. पाय झुलवला की आत धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना लागून आवाज होतो. अगदी आमच्या तिकीट पंचासारखा. निवृत्त मंडळींच्या कट्ट्यावर मी बसताना आवाज झाला की एक जण हमखास म्हणतो, ‘एक पूर्ण, एक अर्धं.’

आता अक्काचं सांगतो. माझी थोरली बहीण, अक्कलकोटला असते, वय ७७. एप्रिलमध्ये धुण्याच्या दगडावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिला सोलापुरात आणून खुब्याचा सांधा बदलला. म्हणजे भाऊ-बहीण दोघांच्या अंगात एकाच वर्षात लोखंड. आणि काय सांगू, ती माझ्या पुढं निघून गेली! गुडघ्याला जसं वाकवायचं युद्ध असतं तसं खुब्याला नाही. दुसऱ्या दिवशी उभी, सहाव्या आठवड्यात काठी घेऊन अंगणात. मला फोनवर म्हणायची, “काय रे, तू अजून मोजतोयसच की?” खुब्याचं काम वेगळंच असतं, तिथं करायचं कमी आणि टाळायचं जास्त. तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं: पहिले तीन महिने कंबरेत ९० अंशाच्या पुढं वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही, झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी. नाहीतर सांधा जागेवरून निसटतो. आता अक्काला पायावर पाय टाकायची सवय नाहीच, पण वाकायचं नाही म्हणजे काय? तिचं अख्खं आयुष्य वाकण्यात गेलेलं. चूल, रांगोळी, तुळस, पाट, देवघर, सगळं जमिनीवर. भाच्यानं देवघर ओट्यावर चढवलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. आणि एकदा दारात पडलेली चप्पल सरळ करायला खाली वाकली. सून किंचाळली म्हणून अर्ध्यात थांबली. ती सवय ७० वर्षांची, तिच्यापुढं बंदी तीन महिन्यांची.

जमिनीचा विषय निघाला म्हणून आमच्या मोलकरणीच्या आईचं लिहितो. विडी घरकुलात राहते, ४० वर्षं विड्या वळल्या. मांडी घालून, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. मजुरी दर हजार विड्यांमागे. दोन्ही गुडघे तिनं सहा महिन्यांच्या अंतरानं करून घेतले. आता डॉक्टर सांगतात, मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, प्लॅस्टिकची चकती लवकर झिजते. म्हणजे गुडघा आला आणि बैठक गेली. खुर्चीवर बसून मांडीवर सूप ठेवलं तर ते उतरतं, सांडतं. तिच्या जावयानं जुन्या शाळेच्या बाकाला कड ठोकून दिली, त्यावर सूप ठेवून ती वळते. पहिल्या महिन्यात निम्म्या विड्या व्हायच्या. हात बसायला पाच महिने लागले, आता जवळपास पूर्वीइतक्या होतात. बरं होणं म्हणजे काय, हे तिला विचारा. कोनमापकात ते यायचं नाही. आणि आपल्या शहरात अशा बायका हजारांनी आहेत, त्यांचे गुडघे आज ना उद्या या रांगेत येणारच आहेत.

मी पाचव्या महिन्यात ठरवलं की अक्काला भेटायला एसटीनंच जायचं. मुलगा म्हणाला गाडी करू. नाही म्हटलं. ३१ वर्षं ज्या पायरीवरून दिवसात ५० वेळा खाली-वर केलं, ती पायरी चढता आली तर मी बरा, असा माझा स्वतःशी करार होता. अक्कलकोटची गाडी लागली. खालची पायरी जमिनीपासून किती उंच असते हे मला नोकरीत कधी जाणवलं नव्हतं. फिजिओच्या मुलीनं शिकवलं होतं, ‘पुण्यवान वर, पापी खाली’; चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. दांडी धरली. डावा पाय पायरीवर, उजवा जमिनीवर, मध्ये मी. मागं रांग. एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, “आजोबा, चला की.” कंडक्टर एक तरुण मुलगी होती. तिनं फक्त हात वर करून रांगेला थांबवलं, मला हात दिला नाही. ते फार बरं केलं. मी चढलो. अर्ध्या तिकिटाचे पैसे दिले, पहिल्या सीटवर बसलो, पाय मोकळा सोडून, आणि तिनं डबल बेल दिली तेव्हा माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं ती घंटी मी वाजवली, ऐकली कधीच नव्हती.

पण खरं सांगायचं तर पाचव्या महिन्यातही मी पूर्ण बरा नव्हतो. अक्कलकोटहून परत आलो तो दोन दिवस पाय सुजून बसलो. स्कूटरवर दहाव्या आठवड्यात बसलो होतो, तीही आधी अंगणात ब्रेक दाबून दाबून, कारण माझ्या स्कूटरचा ब्रेक उजव्या पायाला आहे. जिना एकेक पाय बदलून चढणं सातव्या महिन्यात जमलं, उतरणं नवव्या. मांडी बारीक झाली होती ती भरायला सगळ्यात जास्त वेळ गेला. आठव्या महिन्यात टेपनं मोजली तरी डावीपेक्षा दोन बोटं कमी. आणि मला कुणी विचारलं, गुडघा आपला कधी वाटायला लागला, तर उत्तर आहे दिवाळीनंतर. एक दिवस संध्याकाळी कंबर तलावाला फेरी मारून घरी आलो, चहा घेतला, आणि लक्षात आलं की अख्ख्या फेरीत एकदाही गुडघ्याचा विचार मनात आला नव्हता. सगळ्यांना हे सुख मिळतंच असंही नाही. डॉक्टरांनीच कबूल केलं की पाचातला एखादा पूर्ण समाधानी नसतो. हेसुद्धा आधी सांगावं. माणूस ऐकून पळून जात नाही, तयारीनं येतो.

यंदाच्या गड्ड्याला यण्णीमज्जनाच्या, म्हणजे लिंगांच्या तैलाभिषेकाच्या दिवशी नंदीध्वजांच्या मागून थोडं अंतर चाललो. पूर्वी पूर्ण ६८ लिंगांची प्रदक्षिणा करायचो, ती आता होणार नाही, तो हट्टही नाही. सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षतेला संमती कट्ट्याच्या बाजूला अडीच तास उभा होतो. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ झालं, अक्षता पडल्या, आणि गर्दीत कुणाचा तरी धक्का लागून मी उजव्या पायावर तोल सावरला. सावरल्यावर कळलं की उजव्यावर सावरला.

माझं मागणं फार नाही. गुडघे आणि खुबे बदलणाऱ्या प्रत्येक दवाखान्यानं ऑपरेशनच्या आधी, आधी म्हणतोय मी, एक पान मराठीत हातात द्यावं. पंधरवड्याला काय होईल, सहा आठवड्यांना काय, तीन महिने, सहा महिने, वर्ष. उशी कुठं ठेवायची. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही. आपल्या शहरात अर्धी पेठ तेलुगू आणि कन्नड बोलते, तेव्हा त्या भाषांतही द्यावं. विमा देणाऱ्यांनी निदान पहिल्या १५ भेटी फिजिओच्या बिलात धराव्यात. पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवायचा खर्च त्यांनाच जास्त पडेल. आणि तुम्ही, संपादक महोदय, ती जाहिरात छापायला माझी हरकत नाही, पण एखाद्या रविवारी त्याच पानावर एखाद्या फिजिओथेरपिस्टला अर्धं पान लिहायला द्या. एसटीच्या पायरीबद्दल, फूटपाथबद्दल मी काही लिहीत नाही, ते पत्र मी २०१९ पासून लिहितोय.

हे सगळं आता आठवायचं कारण, डावा गुडघा राहिलाय. आषाढी झाली की तारीख घ्यायची ठरलीय. उन्हाळा मुद्दाम टाळला, त्या मोज्यामुळे. फिजिओच्या मुलीला आताच सांगून ठेवलंय, भेटींचे पैसे वेगळे काढून ठेवलेत, उशी माळ्यावरच आहे. फक्त वॉकर घरात नाही. माझ्यानंतर तो रिक्षावाल्या मित्राकडे गेला, तिथून विडी घरकुलात, मग अक्काकडे, आता आमच्या मागच्या गल्लीतल्या एका मास्तरीणबाईंकडे आहे. खालची रबरी बुडं दोनदा बदलली. बाईंना म्हटलंय, सावकाश द्या, जुलैपर्यंत काही घाई नाही.

आपला,
एक निवृत्त वाहक
जुळे सोलापूर